पावसात पायी ल प्वी ते कोंक: पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

फ्रान्समधल्या ल प्वी-आँ-वले या गावाहून स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला जाणारी पायवाट हजार वर्षांहून जुनी आहे. ल प्वीचा बिशप गोदेस्काल्क ९५० साली याच गावाहून सांतियागोला गेला होता. आज ही वाट ‘जीआर ६५’ म्हणून ओळखली जाते आणि स्पेनच्या सीमेलगतच्या सँ-जाँ-प्ये-द-पोरपर्यंत ती सुमारे साडेसातशे किलोमीटर भरते. एवढी रजा फार थोड्यांकडे असते. दोन आठवडे हाताशी असतील तर पहिला भाग, म्हणजे ल प्वी ते कोंक हे साधारण २०५ किलोमीटर, दहा-अकरा दिवसांत नीट होतात. अख्ख्या वाटेतला सगळ्यात देखणा आणि पावसाच्या दृष्टीने सगळ्यात खडतर भागही हाच.

सिंहगड, राजगड करणाऱ्या माणसाला इथली चढण नवी नाही. ओब्राकच्या पठारावर वाट १३६८ मीटरपर्यंत चढते आणि सिंहगड १३१२ मीटरवर आहे, म्हणजे उंची जवळपास तीच. पुणेकर फसतो तो पावसाच्या सवयीमुळे. जुलैत गडावर चिंब भिजलं तरी हवा बावीस-चोवीस अंशांची असते, खाली येऊन कांदाभजी खाल्ली की अंग वाळलेलं असतं. ओब्राकवर मे महिन्यातल्या पावसात पारा पाच-सात अंशांवर उतरू शकतो, वर उघड्या माळावरचा वारा. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब काढून घेतं. सरी आपल्यासारख्या कोसळत नाहीत, बारीक भुरभूर चार-चार तास चालू राहते आणि माणसाला कळायच्या आत गारठवते. तेव्हा अजिबात भिजायचं नाही असा हट्ट धरू नका. दिवसभर अंग गरम ठेवायचं आणि कपड्यांचा एक जोड काहीही झालं तरी कोरडा ठेवायचा, एवढं साधलं की बाकीचं निभतं.

कधी जावं

पुण्याहून जाणाऱ्यांनी सप्टेंबर धरावा असं आमचं स्पष्ट मत आहे. मे-जूनमध्ये रानफुलं असतात, कुरणं हिरवीगार असतात हे खरं. पण मे ओला आणि गार असतो, १ आणि ८ मेच्या सुट्ट्यांना जोडून फ्रेंच लोक मोठ्या संख्येने चालायला निघतात आणि जागा मिळत नाही. मोठी अडचण सरावाची. मेमध्ये निघायचं तर सराव मार्च-एप्रिलच्या उन्हात करावा लागतो आणि ओल्या बुटात पाय कसा वागतो हे कळतच नाही. सप्टेंबरात निघणाऱ्याला जून ते ऑगस्ट असे तीन महिने आयता पाऊस मिळतो. उशिरा सप्टेंबरात तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे डोक्याला बांधायची छोटी बॅटरी हवी. शिकारीचा हंगामही तेव्हाच सुरू होतो, म्हणून सॅकचं कव्हर भडक केशरी किंवा पिवळं घ्या.

सराव असा करा. आधी तीन-चार आठवडे वेताळ टेकडी किंवा तळजाई, पाठीवर चार किलो. मग शनिवार-रविवार सलग दोन्ही दिवस वीस-वीस किलोमीटर, पाठीवर सात किलो. एका दिवशी तीस किलोमीटर चालणं फारसं शिकवत नाही. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या पायाने, कालच्याच ओल्या बुटात निघणं शिकवतं. पालखीच्या वाटेने पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पुढे जेजुरी, ही जोडी या कामाला उत्तम. पुण्याच्या पावसात रेनकोट घातला की आतून घामाने भिजायला होतं, त्यामुळे उबेची परीक्षा इथे होणार नाही. पण सॅकमध्ये पाणी कुठून शिरतं, ओली पँट मांडीला कुठे घासते, ओल्या मोज्याची शिवण कुठल्या बोटाला लागते, हे सगळं इथेच कळतं. जॅकेटची परीक्षा घरी घ्या. घालून शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहायचं, हात वर करून, टोपी ओढून. पाणी बहुतेक वेळा मनगटातून, गळ्यातून आणि चेनीतून शिरतं.

बूट

सगळ्यात आधी बुटांचं वय बघा. माळ्यावर पाच-सात वर्षं ठेवलेले ट्रेकिंगचे बूट दिसायला नवे असले तरी नेऊ नका. तळव्याचा मधला थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या दमटपणाने तो न वापरताही आतून कुजत जातो. वाटेवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळवा अख्खा सुटून येतो. नवे बूट घेतले तर किमान शंभर किलोमीटर इथे चालून मगच न्या. माप संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, जाड मोजे घालून घ्या. उतारावर अंगठा पुढे टेकता कामा नये.

वॉटरप्रूफ बूट की साधे जाळीचे? कोरड्या-ओल्या मिश्र हवेत वॉटरप्रूफ बरे. पण त्यांचा एक दोष लक्षात ठेवा: वरून, घोट्याच्या कडेने पाणी आत गेलं की तेच अस्तर पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बूट दोन दिवस वाळत नाही. म्हणून रेन पँट बुटाच्या आत खोचू नका, बाहेरून खाली सोडा, म्हणजे पाणी ओघळून बाहेर पडेल. उंच ओल्या गवतात गेटर, म्हणजे बुटाचं तोंड आणि पोटरी झाकणारं आवरण, घाला. पावसापेक्षा गवताचं पाणी बूट जास्त भिजवतं.

मुक्कामी पोचल्यावर आतले तळवे काढून वेगळे ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे घट्ट कोंबा आणि तासाभराने तो कागद बदला. पहिला कागदच बहुतेक पाणी शोषतो, तो रात्रभर तसाच ठेवला तर उपयोग होत नाही. शेकोटीजवळ किंवा गरम रेडिएटरवर बूट ठेवू नका. डिंक सुटतो, चामडं तडकतं. बहुतेक ठिकाणी दारातच बूट ठेवायचं कपाट असतं आणि आत घालायला सपाता लागतात. हलक्या चपला त्यासाठी न्या.

पाय

पावसात फोड घासण्यापेक्षा आधी भिजण्याने येतात. तासन्‌तास ओल्या मोज्यात राहिलेली त्वचा पांढरी, सुरकुतलेली आणि मऊ होते, मग थोड्याशा घर्षणानेही सुटते. सकाळी निघण्यापूर्वी बोटांच्या मध्ये आणि टाचेला व्हॅसलिनचा थर लावा. दुपारी खायला बसाल तेव्हा बूट-मोजे काढून पाय पंधरा मिनिटं उघडे ठेवा, पुसा, मोजे बदला. मोजे मेरिनो लोकरीचे, चालायला दोन जोड; झोपायला एक वेगळा जोड, जो कधीही बुटात जाणार नाही. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. आपले धनगर आणि शेतकरी पावसात घोंगडी घेतात ते याच कारणाने. सुती मोजे आणि सुती टी-शर्ट घरीच ठेवा.

कुठे गरम, चुरचुरतंय असं वाटलं की त्याच मिनिटाला थांबा आणि पट्टी लावा. पुढच्या गावात बघू म्हणणाऱ्याचा फोड पुढच्या गावापर्यंत तयार होतो. फोड आला आणि दुखत असेल तर निर्जंतुक सुईने कडेला दोन छिद्रं पाडून पाणी काढा, वरची कातडी राहू द्या. फोडात दोरा ओवून ठेवण्याची जुनी पद्धत वापरू नका. दोऱ्यावरून घाण आत शिरते. फ्रान्समधल्या औषधांच्या दुकानांत कॉम्पीडच्या जाड पट्ट्या मिळतात. त्या लावल्या की आपोआप सुटेपर्यंत ओढायच्या नाहीत, ओढल्या तर कातडी बरोबर येते. भोवती लालसर पसरत गेलं, ठणकू लागलं किंवा ताप आला तर चालणं थांबवून डॉक्टर गाठायचा.

रोज रात्री गोचीड तपासा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला. ओल्या गवतातून त्या चढतात आणि लाइम रोग पसरवतात. औषधांच्या दुकानात गोचीड काढायचा छोटा आकडा मिळतो. त्याने गोल फिरवत काढायची, तेल किंवा रॉकेल लावायचं नाही.

अंगावर आणि पाठीवर

सॅकचं वजन आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, पाणी आणि खाणं वेगळं. ६५ किलोच्या माणसाने साडेसहा-सात किलोवर जाऊ नये. अंगात मेरिनोचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर जॅकेट. जॅकेटवर पाणी अडवण्याची क्षमता किमान १०,००० मिलिमीटर लिहिलेली असावी आणि काखेत चेन असावी; चढावर ती उघडली नाही तर घामानेच भिजाल. रेन पँटला बाजूने गुडघ्यापर्यंत चेन हवी, म्हणजे बूट न काढता चढवता येते. ही सोय नसेल तर माणूस आळस करतो आणि पँट घालेपर्यंत भिजून जातो. पातळ हातमोजे आणि कानटोपी मेमध्ये आणि सप्टेंबरातही लागतात. पिसांचं जॅकेट ओलं झालं की चिप्प बसतं आणि निरुपयोगी होतं, त्यापेक्षा फ्लीस बरा.

सॅकसकट अंगावर येणारा पोंचो जंगलात चांगला, पण ओब्राकच्या वाऱ्यात त्याचं शीड होतं. पोंचोच न्यायचा असेल तर कमरेला बांधायला दोन मीटर दोरी ठेवा. छत्री पठारावर उलटते. सॅकच्या बाहेरच्या कव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. खरं काम आतल्या पिशवीचं असतं. बोहरी आळीत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी मिळते, ती सॅकमध्ये आतून घालायची, सगळं सामान तिच्यात भरायचं, हवा दाबून काढून तोंड तीनदा गुंडाळायचं. तिच्यात आणखी एका पिशवीत रात्रीचे कपडे, झोपायचे मोजे आणि झोपायचं अस्तर (आत शिरून झोपायची पातळ कापडी पिशवी). हाच तो कोरडा जोड. सकाळी कालचे ओले कपडे पुन्हा घालणं जिवावर येतं, पण दहा मिनिटांच्या चालीत ते अंगाच्या उबेने सुसह्य होतात. कोरडा जोड ओल्यात घातला तर रात्री काहीच उरत नाही.

धुतलेले कपडे पावसाळी रात्रीत वाळत नाहीत. पंच्यात गुंडाळून, त्यावर पाय देऊन पिळा, मग टांगा.

वाट, दिवसागणिक

खूण सोपी आहे: वर पांढरा, खाली तांबडा पट्टा. वळणापाशी पट्ट्यांखाली बाण असतो, आणि पांढऱ्या-तांबड्या रेघांची फुली दिसली की ती वाट आपली नाही. टोपी खाली ओढून चिखलाकडे बघत चालताना खुणा हमखास सुटतात. दहा मिनिटं खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे फिरा.

ल प्वीच्या कॅथेड्रलमध्ये सकाळी ७ वाजता यात्रेकरूंसाठी प्रार्थना होते. धर्म कुठलाही असो, जाऊन बसावं. यात्रेकरूचं शिक्के मारायचं पुस्तक, क्रेदांस्याल, तिथेच मिळतं. पहिला मुक्काम सँ-प्रिवा-दाल्ये, सुमारे २३ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी रोशगूदच्या छोट्या देवळापासून मोनिस्त्रोलपर्यंतचा उतार पावसात धोक्याचा: खडक, झाडांची ओली मुळं आणि कुजलेली पानं. उतरताना काठ्या पाच-सात सेंटिमीटर लांब करा, त्यांची रबरी टोपणं काढा, पावलं आखूड टाका, मुळांवर पाय देऊ नका. पाऊस जोराचा असेल तर डांबरी रस्त्याने उतरा, त्यात कमीपणा नाही. नदी ओलांडल्यावर सोगपर्यंत मोठी चढण आहे. त्यापुढे ल सोवाज, मग ओमों-ओब्राक, तिथून नासबिनाल, जवळपास २६ किलोमीटर.

नासबिनाल ते सँ-शेली हा सतरा किलोमीटरचा दिवस छोटा वाटतो, पण सगळ्यात जास्त तयारी यालाच लागते. ओब्राक गावापर्यंतचे नऊ किलोमीटर उघडी कुरणं, दगडी बांध आणि गाई. आडोसा नाही, धुकं आलं तर पुढची खूणही दिसत नाही. आदल्या रात्री मेतेओ-फ्रान्स या तिथल्या हवामान खात्याचा इशारा बघा: पिवळा असेल तर लवकर निघून दुपारच्या आत पठार ओलांडा, नारिंगी किंवा लाल असेल तर थांबा. वीज कडाडू लागली तर एकट्या झाडाखाली जाऊ नका, काठ्या दूर ठेवा, सखल जागी सॅकवर उकिडवे बसा. गाय आणि वासरू यांच्या मधून कधी जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा. कुरणाचं फाटक जसं होतं तसं बंद करायचं. विजेच्या तारेला ओला पोंचो लागला तर सणसणीत झटका बसतो. ओब्राकहून सँ-शेलीकडे वाट पाचशे मीटर उतरते आणि ओल्या गोट्यांवर घसरते.

सोबत्याला हुडहुडी भरली, बोटांनी चेन लागेना, बोलणं अडखळू लागलं की तो गारठलाय असं समजा. वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढून राखलेला कोरडा जोड घाला, गोड खायला द्या, शुद्धीवर असेल तर गरम प्यायला द्या. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला तर ती सुधारणा नाही, ११२ ला फोन करा.

पुढे सँ-कोम-दोल्त, एस्पाल्यों, एस्तँ, गोलिन्याक. लोत नदीच्या काठाने हवा थोडी उबदार होते. एस्पाल्योंला मोठी दुकानं आहेत, फाटलेलं-हरवलेलं इथे भरून काढा.

मुक्काम आणि पोट

मुक्कामाच्या घराला ‘जीत’ म्हणतात. ‘दमी-पान्स्यों’ म्हणजे रात्रीचं जेवण, पलंग आणि नाश्ता. माणशी साधारण ४५ ते ६० युरो धरा. फोन करून जागा ठेवा आणि येणार नसाल तर नक्की कळवा, कारण जेवण मोजून केलेलं असतं. दार बहुधा दुपारी तीन-चारला उघडतं, जेवण सातला. पांघरूण मिळतं, पण आपलं झोपायचं अस्तर लागतंच. ढेकणांच्या भीतीने अनेक ठिकाणी सॅक खोलीत नेऊ देत नाहीत, त्याचा राग धरू नये. छोट्या गावांत एटीएम नसतं, दीडशे-दोनशे युरो रोख जवळ ठेवा.

शाकाहाऱ्यांनी जागा ठेवतानाच सांगावं: ‘वेजेतारियँ, सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों.’ म्हणजे शाकाहारी; मांस, मासे, लार्दों नकोत. शेवटचा शब्द महत्त्वाचा. ल प्वीची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, पण तिच्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, म्हणजे लार्दों, घालायची रीत आहे आणि अनेकांना ते मांस वाटतच नाही. ओब्राकचा ‘आलिगो’ मात्र मनसोक्त खा: कुस्करलेला बटाटा, ताजं तोम चीज, लोणी, मलई, लसूण, तार सुटेपर्यंत घोटलेला. तो सॉसेजबरोबर वाढतात, तेवढं बाजूला ठेवायला सांगा.

गावातली दुकानं दुपारी दोन-अडीच तास बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याचदा सोमवारीही. एका दिवसाचं खाणं सतत सॅकमध्ये हवं. पुण्याहून चिक्की, भाजके शेंगदाणे, मेतकूट, कोरडी चटणी, ओआरएसच्या पुड्या न्या. पेढे, बर्फी, तूप असे दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपीय संघात प्रवाशाला नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि लिंबंही नेऊ नका. दीड लिटर पाणी घेऊन निघा. नळावर ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही. गावाबाहेरच्या दफनभूमीत जवळपास नेहमी नळ असतो.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निघण्याच्या पंधरा दिवस आधीपर्यंतची मुदत असली तरी दोन-तीन महिने आधी करा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पायी चालणाऱ्याची अडचण राहण्याच्या पुराव्याची: रोज वेगळं गाव. जीतच्या मालकांकडून ईमेलवर होकार मागवा आणि तारीख, गाव, अंतर असा एका पानाचा तक्ता जोडा. पॅरिसहून रेल्वेने ल्यों, तिथून सँत-एत्येन, तिथून ल प्वी. अर्धा दिवस जातो. विमानाच्या दिवशीच चालायला सुरुवात करू नका.

कोंकमध्ये शिरतानाचा शेवटचा उतार खडा आणि दगडी आहे, आणि गाव दिसू लागल्यावर पाय घाई करतात; दहा दिवस नीट चाललेला माणूस इथे घोटा मुरगळून घेतो. कोंकला रेल्वे नाही. वेळ असेल तर आणखी दोन दिवस, लिव्हिन्याकला मुक्काम करून, फिजाकपर्यंत चाला, तिथे स्टेशन आहे. त्याहून पुढे म्वासाक गावानंतर जेर्स जिल्ह्यात जाणार असाल तर चिखल बदलतो. सोलापूरकडच्या काळ्या रानात पावसानंतर चालल्यासारखी चिकणमाती बुटाला किलोकिलोने चिकटते, वेग ताशी चारवरून तीन किलोमीटरवर येतो. तिथे शेताच्या कडेच्या गवतावरून चाला, पिकात शिरू नका, काठीने दर थोड्या वेळाने तळवा खरवडा, आणि त्या दिवसाचं अंतर वीस किलोमीटरच्या आत ठेवा.